अल्डॉलचे पाणी

हैदराबाद शहरात काचीगुड्याकडून उस्मानिया विद्यापीठाच्या दिशेने निघालेल्या माणसास वाटेत नल्लकुंटा नावाचा जो गजबजलेला मोहल्ला लागतो, त्याची ओळख जुन्या रहिवाशांस सरकारी फिवर हॉस्पिटलामुळे, भाविकांस शृंगेरीच्या शंकरमठामुळे आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून सबंध आंध्र-तेलंगणातील महत्त्वाकांक्षी आईबापांस तेथील शिकवणीवर्गांमुळे आहे. 'आयआयटी रामय्या' या नावानेच सर्वत्र परिचित झालेल्या चुक्का रामय्या या गणिताच्या शिक्षकांनी येथे चालविलेल्या वर्गाचा दबदबा असा होता की, त्या वर्गात नाव दाखल व्हावे म्हणून आधी एक स्वतंत्र प्रवेशपरीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेच्या तयारीसाठी पुन्हा निराळी शिकवणी लावणारे महाभागही निघत. अशा वर्गांतून सेंद्रिय रसायनशास्त्राचे जे प्रश्न वर्षानुवर्षे घोटून घेतले जातात, त्यांत एक प्रश्न असा आहे की ज्याचे उत्तर पाठ असणारे विद्यार्थी पुष्कळ आणि कारण सांगू शकणारे थोडे. दोन अल्डिहाइड किंवा दोन कीटोन अल्कलीच्या साहाय्याने जोडले असता हाती अल्डॉल येईल, की त्यातून पाण्याचा एक रेणू निघून गेलेला पदार्थ येईल, हा तो प्रश्न होय.

वर्गातला शिरस्ता सोपा आहे. अभिक्रियेच्या बाणावर उष्णतेचे चिन्ह म्हणून छोटा त्रिकोण काढला असेल तर पाणी काढावे. नसेल तर ठेवावे. परीक्षेच्या तीन तासांत मुलाने विचार किती करावा यासही मर्यादा असल्यामुळे असल्या शिरस्त्यांची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु पदार्थाची स्वतःची घडण, त्याच्या शेजारी असलेला आम्ल किंवा अल्कली, आणि पाणी गमावून त्यास मिळणारा मोबदला, या तिन्ही बाबी बाजूस सारून केवळ त्रिकोणावर निकाल देणे म्हणजे साक्षीपुरावा न पाहता हुकूमनाम्यावर शिक्का मारण्यासारखे आहे. हे पाणी नेमके केव्हा निघते, केव्हा अडून बसते आणि केव्हा निघूच शकत नाही, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम मूळ व्यवहार पाहू. अल्डिहाइड आणि कीटोन या दोन्ही कुळांत कार्बनचा एक अणू ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला असतो. या जोडीस कार्बोनिल म्हणतात. ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत मोठा लोभी असल्यामुळे तो ते आपल्याकडे ओढून घेतो, आणि त्या ओढीचा परिणाम शेजारच्या कार्बनापर्यंत, म्हणजे रसायनज्ञ ज्यास अल्फा कार्बन म्हणतात तेथपर्यंत पोहोचून त्यावरील हायड्रोजन सैल होतो. साध्या हायड्रोकार्बनातील हायड्रोजन अल्कलीस दाद देत नाही; अल्फा कार्बनावरील मात्र सुटतो, कारण तो गेल्यावर मागे राहणारा ऋण विद्युत्भार सांभाळावयास ऑक्सिजन तयार असतो. असा हायड्रोजन गमावलेला रेणू, म्हणजेच एनोलेट, आपल्या भाऊबंदांपैकी दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनावर जाऊन चिकटतो, आणि कार्बन-कार्बन असा नवा बंध निर्माण होतो. ॲसिटाल्डिहाइडाचे दोन रेणू अशा रीतीने जुळले की चार कार्बनांचा एक पदार्थ मिळतो, ज्यात एका टोकास अल्डिहाइड आणि तिसऱ्या कार्बनावर हायड्रॉक्सिल, म्हणजे मद्यार्कात असतो तो ऑक्सिजन-हायड्रोजनाचा गट, असे दोन्ही नांदतात. १८७२ साली पॅरिसमध्ये शार्ल वुर्ट्झ यांनी तो प्रसिद्ध केला आणि त्यास अल्डॉल हे नाव दिले. त्याच सुमारास पीटर्सबुर्ग येथे अलेक्झांडर बोरोदिन हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास आले होते. पण 'प्रिन्स इगोर' या संगीतिकेच्या या कर्त्यास जगाने संगीतासाठीच ध्यानात ठेवले, आणि रसायनशास्त्राने त्याच्या पदरात पडावयाचे श्रेय बव्हंशी वुर्ट्झच्या खाती जमा केले.

हा अल्डॉल थोडा तापवला असता त्यातून पाणी निघून क्रोटोनाल्डिहाइड तयार होते. पाणी निघते म्हणजे हायड्रॉक्सिल एका कार्बनावरून आणि हायड्रोजन लगतच्या कार्बनावरून जातो व त्या दोन कार्बनांत दुहेरी बंध येतो. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. हायड्रॉक्सिल हा गट स्वभावतः जागा सोडण्यास अत्यंत नाखूश असतो. साध्या मद्यार्कातून पाणी काढून एथिलीन करावयाचे तर तीव्र गंधकाम्लाबरोबर तो सुमारे १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकास आठवत असेल.

याच नाखुषीचे एक उदाहरण तेलंगणाच्या मातीत आहे. नलगोंडा आणि महबूबनगर या जिल्ह्यांच्या तांबड्या, हलक्या, पावसावर विसंबलेल्या जमिनींत एरंड पिढ्यान्‌पिढ्या होत आला, आणि निजामाच्या अमदानीत हैदराबाद संस्थान हे हिंदुस्थानातील एरंडीच्या प्रमुख मुलखांपैकी एक होते. एरंडेलाचा शेकडा नव्वदच्या आसपास भाग ज्या एका मेदाम्लाचा बनलेला असतो, त्या रिसिनोलेइक आम्लात अठरा कार्बनांची साखळी असून तिच्या बाराव्या कार्बनावर एक हायड्रॉक्सिल असतो आणि नवव्या-दहाव्या कार्बनांत एक दुहेरी बंध. या हायड्रॉक्सिलास पाण्याच्या रूपाने घालवून दिले तर दुसरा दुहेरी बंध निर्माण होतो, आणि रंगात व व्हार्निशात घातले असता हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरणारे तेल मिळते. रंगाच्या कारखान्यांतून या निर्जलित एरंडेलास फार मागणी असे. परंतु त्यासाठी आम्लधर्मी उत्प्रेरक घालून, निर्वातात, सुमारे २५० अंश उष्णतेवर तेल तापवावे लागते. इतके करूनही पाणी नेहमी इच्छिलेल्या बाजूनेच निघते असे नाही: काही रेणूंत ते अकराव्या कार्बनाच्या हायड्रोजनासह जाऊन दोन्ही दुहेरी बंध एकाआड एक येतात, तर काहींत तेराव्याच्या हायड्रोजनासह जाऊन ते परस्परांपासून दूर पडतात.

आता एरंडेलाचा हायड्रॉक्सिल २५० अंशांवर आणि अल्डॉलचा हायड्रॉक्सिल कित्येकदा हात पोळणार नाही इतक्या उष्णतेवर का सुटतो, हा खरा विचारण्याजोगा प्रश्न. दोन्ही ठिकाणी गट तोच, कार्बनही तसाच. फरक आहे तो शेजाऱ्याचा. एरंडेलात हायड्रॉक्सिलालगतच्या कार्बनावरील हायड्रोजन सैल करणारा कोणी बलवान गट नाही. अल्डॉलमध्ये मात्र तो कार्बन हाच कार्बोनिलचा अल्फा कार्बन असतो. म्हणून अल्कली प्रथम तेथील हायड्रोजन उचलते, पुन्हा एनोलेट तयार होते, आणि त्या एनोलेटातील ऋण विद्युत्भार परत येऊन कार्बन-कार्बन दुहेरी बंध रचताना पलीकडच्या हायड्रॉक्साइडास ढकलून बाहेर काढतो. हायड्रॉक्साइड आपण होऊन जात नाही, त्यास मागून रेटा मिळतो. पाठ्यपुस्तके या दोन टप्प्यांच्या मार्गास एक सांकेतिक नाव देतात आणि पुढे जातात. वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट नावाहून निराळी आहे. ती ही की, ज्या कार्बोनिलमुळे अल्डॉल जुळला, त्याच कार्बोनिलमुळे त्याचे पाणीही निघते.

आणि निघून गेल्यावर मोबदलाही मिळतो. नवा दुहेरी बंध कार्बोनिलच्या दुहेरी बंधाला लागून, मध्ये एकच एकेरी बंध ठेवून उभा राहतो, आणि मग दोहोंचे इलेक्ट्रॉन आपापल्या हद्दीत न राहता चारही अणूंवर पसरतात. वाटणी न झालेल्या सामाईक मिळकतीवर जसा सर्वांचा हक्क चालतो, तसे. या स्थितीस संयुग्मन म्हणतात, आणि तिच्यामुळे रेणूची स्थिरता वाढते. त्यातच त्या नव्या दुहेरी बंधाच्या दुसऱ्या बाजूस बेंझीनचे वलय असेल, तर सामाईक क्षेत्र आणखी विस्तारते, आणि मग पाणी ठेवून घेण्यात रेणूला काही स्वारस्य उरत नाही.

हे प्रत्यक्ष पाहावयाचे असल्यास पदवीच्या प्रयोगशाळेतील एक जुना प्रयोग पुरेसा आहे. शंकुपात्रात कॉस्टिक सोड्याचे पाण्यातील विद्रावण घेऊन त्यात अल्कोहोल मिसळावे, ते थंड पाण्यात ठेवून २० ते २५ अंशांवर आणावे आणि ढवळत ढवळत त्यात बेंझाल्डिहाइड व ॲसिटोन यांचे मिश्रण ओतावे, ॲसिटोनच्या एका रेणूस बेंझाल्डिहाइडाचे दोन या प्रमाणात. प्रथम कडू बदामाचा तो परिचित वास येतो. दोन-तीन मिनिटांत स्वच्छ द्रव गढूळ होतो, मग फिकट पिवळा, आणि पाहता पाहता पिवळ्या, लोकरीसारख्या गाळाने पात्र इतके भरून जाते की ढवळण्याची कांडी अडते. हा डायबेंझाल-ॲसिटोन होय. अल्कोहोलातून पुन्हा स्फटिकीकरण केल्यावर त्याचे पिवळे स्फटिक सुमारे ११२ अंशांवर वितळतात. यात एकाच ॲसिटोनच्या दोन्ही बाजूंनी दोन अल्डॉल झाले आणि दोहोंतून मिळून पाण्याचे दोन रेणू निघाले. दिवा मात्र एकदाही पेटवला गेला नाही, उलट पात्र थंड ठेवावे लागले. बाणावर त्रिकोण नाही म्हणून पाणी ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर येथे साफ चुकते. बेंझाल्डिहाइडासारख्या सुगंधी, म्हणजे बेंझीनचे वलय असलेल्या, अल्डिहाइडाची ही कीटोनशी होणारी जोडणी १८८०-८१ च्या सुमारास क्लायझेन आणि श्मिट या जर्मन रसायनज्ञांनी अभ्यासली, म्हणून तीस त्यांचे जोडनाव आहे. या जोडणीत पाणी थांबवून धरणेच अवघड.

शिरस्त्याची दुसरी बाजूही अशीच ढासळते, आणि तिचे उदाहरण साध्या ॲसिटोनचे आहे. ॲसिटोनचे दोन रेणू जुळून डायॲसिटोन अल्कोहोल होते. पण हा व्यवहार दुतर्फा असल्याने अल्कलीच्या सान्निध्यात शेकडा पाचच्या आसपासच ॲसिटोन जुळलेला राहतो, बाकीचा सुटाच. तो पाच टक्के वाढवावा कसा? येथे रसायनज्ञांनी मोठी मार्मिक तजवीज केली आहे. सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात वरच्या कप्प्यात बेरियम हायड्रॉक्साइड कागदी नळकांड्यात भरून ठेवतात आणि खालच्या पात्रात ॲसिटोन उकळत ठेवतात. ॲसिटोन ५६ अंशांवर उकळतो. त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने त्या अल्कलीवर पडते, तेथे त्याचा थोडासा भाग जुळतो, आणि कप्पा भरला की वक्रनलिकेतून सगळा द्रव खालच्या पात्रात उतरतो. खाली अल्कली नसल्यामुळे जुळलेला भाग पुन्हा सुटू शकत नाही, आणि त्याचा उत्कलनबिंदू १६६ अंशांच्या आसपास असल्यामुळे तो वाफ होऊन वरही जात नाही. वर जातो तो न जुळलेला ॲसिटोन. हे चक्र तासन्‌तास चालू ठेवले की खालच्या पात्रात डायॲसिटोन अल्कोहोलचा साठा वाढत जातो.

आता हेच डायॲसिटोन अल्कोहोल थोड्याशा अल्कलीसह तापवले तर काय होईल? त्रिकोण तर आहे; म्हणजे पाणी निघावे. परंतु बहुतांशी निघतो तो ॲसिटोन, कारण उष्णतेने व अल्कलीने उलटा व्यवहार सुरू होतो आणि हलका ॲसिटोन उकळून निघून गेला की तराजू त्याच बाजूस झुकत राहतो. या पदार्थाचे पाणी काढावयाचे तर अल्कलीचा लवलेश न ठेवता त्यात आयोडीनचा कण किंवा किंचित आम्ल टाकून ऊर्ध्वपातन करतात. मग मात्र पाणी आणि १३० अंशांच्या आसपास उकळणारा मेसिटिल ऑक्साइड बाहेर येतो. तात्पर्य, उष्णता एकच. पण सोबत अल्कली आहे की आम्ल, यावर रेणू मोडून मूळपदावर जावयाचा की पाणी टाकून पुढे जावयाचा, हे ठरते. आम्लाच्या सान्निध्यात हायड्रॉक्सिलावर आणखी एक हायड्रोजन येऊन बसतो, आणि मग त्यास हायड्रॉक्साइड म्हणून नव्हे तर पाणी म्हणून जाता येते, जे त्यास फारच सुलभ आहे. म्हणूनच आम्लाने घडविलेल्या जोडणीत अल्डॉलपाशी मुक्काम सहसा होत नाही. आयर्लंडचे रॉबर्ट केन यांनी १८३८ साली ॲसिटोनवर तीव्र गंधकाम्लाचा प्रयोग केला तेव्हा अल्डॉल कोणाच्या दृष्टीसही पडला नव्हता; तीन रेणूंतून तीन पाणी जाऊन बनलेले मेसिटिलीनचे वलय मात्र त्यांना सापडले.

आणि जेथे पाणी कोणत्याच उपायाने निघत नाही, अशीही एक जात आहे. हिशेब हायड्रोजनांचा आहे. जोडणी होताना अल्फा कार्बनावरील एक हायड्रोजन खर्ची पडतो. पाणी जाताना त्याच कार्बनावरील दुसरा. तेव्हा ज्या अल्फा कार्बनापाशी मुळात दोन हायड्रोजन नाहीत, त्याचा अल्डॉल जुळेल, पण पाणी द्यावयास त्याच्यापाशी काही उरलेले नसेल. आयसोब्युटिराल्डिहाइडात अल्फा कार्बनावर एकच हायड्रोजन असतो. तो जोडणीत गेल्यावर त्या कार्बनाला चारही बाजूंनी कार्बनच लागलेले असतात. मग अल्कली घाला, दिवा लावा, बाणावर हवे तितके त्रिकोण काढा, संयुग्मित दुहेरी बंध तेथे येणे नाही. हा साधा दोन हायड्रोजनांचा हिशेब शिकवणीवर्गात पहिल्या दिवशी सांगितला गेला, तर पाठांतराचे ओझे निम्म्याने कमी होईल असे आमचे मत आहे.

आता पुन्हा एरंडेलाकडे वळू. नल्लकुंट्याहून विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार ओलांडले की तार्नाका लागतो. हे विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झाले, आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन करणाऱ्या पोलीस कारवाईपर्यंत मराठवाड्यातील अनेक मराठी तरुणांनी रसायनशास्त्राची परिभाषा तेथे उर्दूतूनच आत्मसात केली. तार्नाक्याच्या बाजूस निजाम सरकारने १९४४ साली शास्त्रीय व औद्योगिक संशोधनासाठी ज्या मध्यवर्ती प्रयोगशाळा उभारल्या, त्या पुढे १९५६ साली केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेल्या, 'रीजनल रिसर्च लॅबोरेटरी' झाल्या, आणि १९८९ पासून 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी' म्हणून चालू आहेत. संचालक डॉ. सय्यद हुसेन झहीर यांच्या अंमलात तेथे तेलांवर जे काम झाले, त्यात एरंडेलाचा वाटा साहजिकच मोठा होता. भारतीय अन्नाच्या इतिहासाचे लेखक म्हणून वाचकांस जे परिचित असतील ते के. टी. अचया मूळचे तैलरसायनज्ञ; सुमारे दोन दशके ते याच प्रयोगशाळेत होते, आणि एरंडेलापासून मिळणाऱ्या रसायनांचा त्यांनी १९७१ साली अमेरिकेच्या तैलरसायनज्ञांच्या नियतकालिकात घेतलेला परामर्श या विषयात प्रमाण मानला गेला.

एरंडेल आणि अल्डॉल यांची गाठ पडते ती सुगंधाच्या व्यवसायात. एरंडेलाच्या मेदाम्लाचे मिथिल एस्टर सुमारे ५०० अंशांच्या वर तापवले असता साखळी हायड्रॉक्सिलाजवळ तुटून दोन तुकडे पडतात: एक अकरा कार्बनांचा, ज्यापासून गजकर्णावरच्या मलमातले अंडेसिलेनिक आम्ल आणि एका जातीचे नायलॉन करतात, दुसरा सात कार्बनांचा अल्डिहाइड, म्हणजे हेप्टॅनाल. या हेप्टॅनालास बेंझाल्डिहाइडाशी अल्कलीच्या साहाय्याने जुळवले की पाणी जाऊन जो पिवळसर तेलकट पदार्थ मिळतो, त्यास जाईचा वास येतो. जॅस्मिनाल्डिहाइड असे त्याचे बाजारी नाव. एरंडेल ज्याने लहानपणी नाक दाबून घेतले आहे त्याला हे पटणे कठीण, परंतु साबण, उदबत्ती आणि स्वस्त अत्तरे यांतील 'जास्मिन'चा पुष्कळसा भाग या एकाच अल्डिहाइडाने भरून काढला आहे.

कृतीत खुबी अशी की, बेंझाल्डिहाइडाला अल्फा हायड्रोजनच नसल्यामुळे ते स्वतःशी जुळू शकत नाही. हेप्टॅनाल मात्र जुळते. दोन्ही एकदम ओतले तर हेप्टॅनालचे दोन रेणू परस्परांशीच जुळून, पाणी टाकून चौदा कार्बनांचा एक निराळा अल्डिहाइड तयार होतो, आणि त्याचा खवट वास जाईच्या सुगंधाची नासाडी करतो. म्हणून पात्रात बेंझाल्डिहाइड भरपूर ठेवून हेप्टॅनाल अगदी हळूहळू सोडतात, जेणेकरून त्यास आपल्या जातीचा रेणू भेटण्यापूर्वीच बेंझाल्डिहाइड भेटावा. हेप्टॅनालच्या अल्फा कार्बनावर दोन हायड्रोजन आहेत, म्हणजे हिशेब पुरा पडतो. आणि नवा दुहेरी बंध एका बाजूस अल्डिहाइडाशी, दुसऱ्या बाजूस वलयाशी संयुग्मित होत असल्याने पाणी निघण्यास विलंब लागत नाही.

जाईचे जे, तेच थोड्याफार फरकाने इतरांचे. बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड जुळून पाणी गेले की दालचिनीच्या वासाचा सिनमाल्डिहाइड. आपण पावसाळ्यात चहात टाकतो त्या गवती चहाच्या वासाचे सार जे सिट्राल, ते ॲसिटोनशी जुळून पाणी गेले की आयोनोनचा पूर्वज, आणि त्यापासून पुढे बनफशाच्या फुलांचा वास. व्हॅनिलिनाचे दोन रेणू एका डायकीटोनाच्या दोन्ही अंगांस जोडून पाणी काढले की हळदीतले कुरकुमिन, ज्यासाठी मधला फार चपळ कार्बन बोरॉनच्या संयुगाने आधी जखडून ठेवावा लागतो. बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन यांच्यापासून जी पिवळी संयुगे होतात त्यांस चालकोन म्हणतात, आणि दख्खनच्या माळरानावर फाल्गुनात पेटल्यासारख्या दिसणाऱ्या पळसाच्या फुलांतून रंगपंचमीचा जो रंग उतरतो, त्यातील ब्युटीन हे त्याच कुळातले आहे. प्रयोगशाळेत ते अल्डॉल-जोडणीने करता येते. झाड मात्र ते निराळ्या प्रकारच्या जोडणीने बनवते, ही तफावत सांगितलीच पाहिजे. या पिवळ्या संयुगांच्या कुळावर आपल्याकडे जे भरीव काम झाले, त्यात प्रा. के. वेंकटरामन यांचे नाव अग्रभागी येते. मॅंचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेले हे रसायनज्ञ मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविज्ञान विभागाचे प्रमुख आणि १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले; पुण्यास त्यांच्याच हाताखाली तयार झालेले ए. व्ही. रामाराव १९८५ साली तार्नाक्याच्या प्रयोगशाळेचे संचालक म्हणून आले.

शरीरात हाच व्यवहार ३७ अंशांवर, जवळजवळ तटस्थ पाण्यात, सारखा चाललेला असतो, आणि तेथे पाणी निघावे की राहावे हे उष्णता नव्हे तर विकर ठरवते. साखरेचे विघटन होताना अल्डोलेज नावाचे विकर सहा कार्बनांच्या तुकड्याचे दोन समान भाग करते, म्हणजे अल्डॉल उलटा फिरवते, आणि साखर घडविताना तोच सुलटा. दोन्ही वेळी पाणी मात्र निघत नाही. पाणी काढण्याचे काम त्याच साखळीत काही पायऱ्या पुढे एनोलेज नावाच्या निराळ्या विकराकडे सोपविलेले आहे. उलट कातडी आणि अस्थिबंध यांतील कोलॅजनचे धागे परस्परांस जखडताना, त्यांतील दोन अल्डिहाइड गट जुळून पाणीही टाकतात.

इतके सारे माहीत असूनही एका गोष्टीचा उलगडा फार उशिरा झाला. अल्कलीने घडणाऱ्या या जोडणीत हायड्रोजन उचलणे, जुळणे आणि पाणी टाकणे अशा पायऱ्या असताना, सर्वांत मंद पायरी कोणती? दीडशे वर्षे जुन्या अभिक्रियेबाबत हे कोणी सिद्ध केलेले नसावे याचे आश्चर्य वाटते. कॅलिफोर्नियातील चार्ल्स पेरिन आणि कुई-लिन चांग यांनी २०१६ साली बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन यांपासून चालकोन होण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या टप्प्यावरील अल्डॉल किती मागे फिरतो आणि किती पुढे जातो याचे प्रमाण त्यांनी मोजले, आणि साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरले असता अभिक्रिया मंदावण्याऐवजी वेगवान होते असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, संपूर्ण अभिक्रियेचा वेग ठरविणारी पायरी शेवटची आहे: हायड्रॉक्साइड निघून जाण्याची. जुळणे आणि सुटणे अनेकवार घडून जाते. खोळंबा होतो तो पाण्यापाशी. अनेक पाठ्यपुस्तके हा टप्पा अल्डॉलच्या प्रकरणाला जोडलेल्या पुरवणीसारखा दोन ओळींत उरकतात. पुढल्या आवृत्तीत त्यांनी तो मुख्य मजकुरात घ्यावा.